सेनुआचे हेलहाइम हा निव्वळ भास नव्हे

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्हिडिओ गेममधील नॉर्स (म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातील) पुराणकथांविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ या खेळाची एका वाक्यात बोळवण केली आहे. नायिका वेडी आहे आणि तिला दिसणारे देव-दानव हे तिच्या मनाचे खेळ आहेत, एवढेच लेखकाने सांगितले. हा खेळ खेळलेल्यांपैकी अनेक जण असेच म्हणतात, त्यामुळे दोष एकट्या लेखकाचा नाही. परंतु अशा खुलाशाने खेळातील पुराणकथा आणि मनोविकार या दोहोंवर अन्याय होतो, असे मला वाटते. म्हणून हा पत्रप्रपंच.

इंग्लंडमधील केंब्रिजच्या निंजा थिअरी या कंपनीत जेमतेम वीस जणांच्या चमूने तयार केलेला हा खेळ ऑगस्ट 2017 मध्ये बाजारात आला. कथेचा काळ आठव्या शतकाच्या अखेरीचा, म्हणजे ब्रिटनच्या किनाऱ्यांवर नॉर्स दर्यावर्दींच्या धाडी सुरू झाल्या तेव्हाचा. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरची सेनुआ ही पिक्ट जमातीची तरुणी. तिचा प्रियकर डिलियन याचा हल्लेखोरांनी आपल्या देवांपुढे बळी दिला, आणि त्याचे शिर कापडात गुंडाळून, कमरेला बांधून ती मृतांच्या लोकात, हेलहाइमला, त्याचा आत्मा परत मागायला निघाली आहे. तिला लहानपणापासून आवाज ऐकू येतात. तिचा बाप झिनबेल हा ड्रुइड पुरोहित. त्याच्या लेखी हे आवाज म्हणजे देवांचा कोप. सेनुआच्या आईलाही तेच होत होते आणि तिला त्याने जिवंत जाळले. (‘बाहेरचे काहीतरी आहे’ असे म्हणून उतारे आणि गंडेदोरे यांत उपचारांची वर्षे घालवणारी कुटुंबे आपल्याकडेही आहेत, त्यांना झिनबेल अगदीच परका वाटणार नाही.)

या आवाजांचे चित्रण अंदाजपंचे झालेले नाही. केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ प्रा. पॉल फ्लेचर यांचा सल्ला दिग्दर्शक टमीम अँटोनियाडीस यांनी घेतला, आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या वेलकम ट्रस्टने साहाय्य केले, आणि ज्यांनी स्वतः सायकोसिस (वास्तवाशी संबंध सुटून भास-भ्रम होणारी मनोवस्था) भोगला आहे अशा व्यक्तींशी चमूने वेळोवेळी बोलून जे तयार झाले ते त्यांना दाखवले. ध्वनिमुद्रण दोन्ही कानांना स्वतंत्र ऐकू जाईल अशा पद्धतीने केलेले असल्यामुळे हेडफोन लावल्यावर एक आवाज डाव्या कानाशी कुजबुजतो, दुसरा पाठीमागून हसतो, तिसरा मध्येच दोघांना गप्प करतो. पडद्यावर शक्ती किंवा गुण दाखवणारी पट्टी नाही, काय करायचे याची सूचना नाही. लढाई चालू असताना हेच आवाज ‘ती आता मरणार’ म्हणून खिजवतात आणि शत्रू पाठीवर आला की ‘मागे बघ’ म्हणून ओरडतातही. त्यामुळे खेळाडू काही वेळातच त्यांच्यावर विसंबू लागतो, आणि मग त्यांनी घालून पाडून बोलले की ते त्याला अधिक लागते. आवाज म्हणजे नुसता छळ नव्हे, त्यांच्याशी माणसाचे एक गुंतागुंतीचे नाते असते, ही गोष्ट एखाद्या व्याख्यानातून कळेल त्यापेक्षा येथे अधिक पक्की कळते.

दारे उघडण्याची कोडीही याच विचाराने रचलेली आहेत. बंद दारावर रून या नॉर्स लोकांच्या लिपीतील एक अक्षर पेटलेले असते, आणि तोच आकार खेळाडूने आजूबाजूला शोधायचा असतो: दोन वाशांच्या तिरक्या छेदात, झाडाच्या सावलीत, ठरावीक जागी उभे राहिल्यावर जुळून येणाऱ्या फांद्यांत. इतरांना जेथे काहीच दिसत नाही तेथे खुणा आणि संकेत दिसू लागणे, हा सायकोसिसचा नेहमीचा अनुभव आहे. माझी तक्रार एवढीच की, येथे प्रत्येक खूण खरी निघते आणि प्रत्येक दार उघडते, त्यामुळे आजार म्हणजे जणू एखादी सिद्धी आहे असा समज होण्याचा धोका राहतो. शिवाय तेच तेच कोडे पुन्हा पुन्हा येऊ लागले की कंटाळाही येतो.

आता पुराणकथांविषयी, कारण लेखात खरी गफलत तेथे झाली आहे. सेनुआ पिक्ट आहे. देवांचा राजा ओडिन, अग्निदैत्य सुर्ट, मृतांची राणी हेला हे तिचे देव नव्हेतच. त्यांच्या कथा तिला ड्रूथ नावाच्या आयरिश माणसाने सांगितल्या आहेत, जो नॉर्स लोकांच्या गुलामगिरीत राहून, त्यांची भाषा शिकून पळून आलेला आहे. वाटेतल्या कोरीव शिळांपाशी थांबले की त्याचाच आवाज त्या कथा सांगतो. म्हणजे सेनुआच्या भासांना जे रूप मिळाले आहे ते ऐकीव कथांनी दिलेले आहे. रुग्णाला काय दिसेल आणि काय ऐकू येईल हे त्याच्या भोवतालच्या श्रद्धा आणि गोष्टींवर बरेच अवलंबून असते, हे मनोविकारशास्त्राला परिचित आहे. आणि आपली तरी स्थिती काय वेगळी आहे? नॉर्स देवांविषयी आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग स्नोरी स्टर्लुसन या आइसलंडमधील ख्रिस्ती विद्वानाने 1220 च्या सुमारास लिहिलेल्या ‘एड्डा’ या पुराणकथांच्या ग्रंथातून आलेला आहे, म्हणजे त्या बेटाने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर दोनशे वर्षांनी. आपणही ड्रूथकडूनच ऐकत आहोत.

सेनुआचा प्रवास ज्या कथेच्या मागावर चालतो, ती स्नोरीनेच नोंदवली आहे. ओडिनचा पुत्र बाल्डर मारला गेल्यावर हर्मोड हा आठ पायांच्या स्लाइपनिर घोड्यावर बसून नऊ रात्री अंधाऱ्या दऱ्यांतून दौडत, ‘ग्योल’ नावाच्या नदीवरील पूल ओलांडून हेलकडे (खेळातली हेला ती हीच) जातो आणि बाल्डरला सोडण्याची विनंती करतो. सृष्टीतील प्रत्येक वस्तू त्याच्यासाठी रडली तर सोडीन, अशी हेलची अट असते. सगळे रडतात, गुहेत बसलेली थॉक नावाची एक राक्षसीण तेवढी रडायला नकार देते, आणि बाल्डर परत येत नाही. देवांच्या राजाचा मुलगा असूनही नाही. सेनुआलाही हाच नकार मिळतो, आणि तो ज्या प्रकारे मिळतो त्याला मी या खेळाचे सर्वांत मोठे यश मानतो: हेलासमोरची शेवटची लढाई जिंकताच येत नाही. जितके शत्रू पाडावेत तितके नवे येतात. बटणे दाबत राहण्याची सवय जडलेल्या खेळाडूला शेवटी हात थांबवावे लागतात, तेव्हाच कथा पुढे सरकते. सेनुआ डिलियनच्या जाण्याचा स्वीकार करते, पण ती बरी होत नाही. आवाज तिच्यासोबत राहतात.

‘सगळे तिच्या मनात होते’ असे म्हटले की हा नकार नाहीसा होतो. जे मुळात खरेच नव्हते, ते मागण्यात आणि न मिळण्यात काय दुःख? झिनबेलला आवाजांत शाप दिसतो आणि लेखकाला बिघाड दिसतो, पण ते आवाज काय म्हणतात हे ऐकायला दोघेही थांबत नाहीत. हेलहाइम खरे की खोटे याचा निवाडा खेळ स्वतः कोठेच करीत नाही, आणि ही त्याची पळवाट नसून भूमिका आहे, असे मला वाटते. 2018 च्या ‘गॉड ऑफ वॉर’ या दुसऱ्या खेळातील बाल्डर आईच्या मंत्रामुळे कोणतीही संवेदना न उरलेला आणि त्यामुळे पिसाळलेला असा आहे, तेथे मनाची अवस्था हे खलनायकाला पिसाळण्याचे निमित्त ठरते. ‘हेलब्लेड’मध्ये खलत्व आजाराकडे नाही, तो आजार लपवायला आणि जाळायला निघालेल्या बापाकडे आहे.

मेलिना युर्गेन्स या मूळच्या कंपनीतल्या व्हिडिओ संपादक. अभिनेत्री मिळेपर्यंत चाचणीपुरत्या उभ्या राहिल्या आणि अखेरीस सेनुआ त्यांनीच साकारली. 2018 मध्ये या खेळाला मिळालेल्या पाच बाफ्टा (चित्रपट, दूरचित्रवाणी व गेम यांसाठीच्या ब्रिटिश) पुरस्कारांपैकी एक त्यांच्या अभिनयाला होता. लेखात त्यांचा उल्लेख नाही, त्याचे फारसे वाईट वाटत नाही. मात्र एक माहिती द्यायलाच हवी होती. हा खेळ अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे, आणि त्यात सायकोसिसचे चित्रण असून तसे अनुभव स्वतः घेतलेल्यांना ते त्रासदायक वाटू शकते, अशी सूचना निर्मात्यांनी खेळाच्या सुरुवातीलाच दिलेली आहे. पुरवणी घरातील सगळेच वाचतात; तेव्हा पुढील अंकात ही सूचना चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे