‘मी येतो’ लिहिणारी मुलगी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी वाहिन्यांवर बारा ते पंधरा वयाच्या मुलांसाठी मालिका का नाही, हा आपल्या रविवार पुरवणीतला प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून सध्या जो तो एकच कल्पना सांगतो: शाळकरी मित्रांची टोळी, गावातलं एक गूढ आणि वर माणुसकीचा ओलावा. ऐकायला छान वाटतं. करायला बसलं की कुठे अडतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पहिला घोटाळा वाटणीत होतो. भागातली पंधरा मिनिटं शोधाशोध आणि उरलेली सात मिनिटं गळ्यात गळे. तेरा वर्षांचा प्रेक्षक त्या सात मिनिटांत उठून पाणी प्यायला जातो आणि त्याचं काही चुकत नाही. मैत्री आणि चांगुलपणा रहस्याच्या यंत्रातच बसवावा लागतो. म्हणजे उलगड्याला लागणारी एखादी तरी माहिती अशी हवी, की ती कितीही डोकं चालवलं तरी हाती लागणार नाही. कुणीतरी या पोरांवर विश्वास टाकला तरच मिळेल.

उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ पेठेतल्या, जुन्या सोनाराच्या वहीचं मोडीतलं एक पान मुलांना सापडतं. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. पानावर सलग लिहिलंय, ‘पारावरतीठेव’. गल्लीतला लोभी इसम ते ‘पारावरती ठेव’ असं वाचतो आणि रात्री देवळापुढचा पार उकरायला जातो. पण वही सोनाराची आहे आणि मुलामा द्यायला पारा लागायचा. मजकूर आहे ‘पारा वरती ठेव’. पोरांचे हात पोचू नयेत म्हणून माळ्यावर ठेव, एवढंच. हे सांगू शकते ती मोडी येणारी एक आजी, जी पहिल्या भागात मुलांना दारातून हाकलून देते.

आता मुलं आजीचं दळण आणून देतात. त्याच भागात आजीनं पान वाचून दाखवलं तर तो नुसता व्यवहार झाला. दळण दुसऱ्या भागात, वाचन सातव्यात. मधल्या चार भागांत आजीला मोडी येते हे मुलांना ठाऊकच नसावं. शिवाय त्या दळणापायी काहीतरी हातचं गेलं पाहिजे. गिरणीत नंबर लागेपर्यंत ज्याच्यावर पाळत ठेवली होती तो निसटतो आणि टोळीतला एक जण दुसऱ्यावर चिडतो, दोन दिवस बोलत नाही. फुकटचा चांगुलपणा पडद्यावर दिसतच नाही.

दुवा पेरायचं काम याहून नाजूक. टीव्हीचा प्रेक्षक मध्ये उठतो, एखादा भाग चुकवतो, निम्मा भाग फोनवर बघतो. म्हणून महत्त्वाचा दुवा तीनदा यावा: एकदा लक्ष भलतीकडे असताना, एकदा चुकीच्या अर्थानं, आणि तिसऱ्यांदा खऱ्या अर्थानं.

कोल्हापूरच्या मातीतला असा एक दुवा आहे, जो दुसऱ्या गावात चालणारच नाही. टोळीला निनावी चिठ्ठी येते: ‘उद्या सातला घाटावर येतो. कुणाला सांगू नका.’ बाहेरून बदलून आलेला फौजदार आठवडाभर मुलगा शोधत बसतो. पण आपल्याकडे मुली सर्रास ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. चिठ्ठी मुलीची असू शकते, हे फक्त इथल्या पोरांच्या कानाला कळतं. मात्र प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटू नये म्हणून तयारी आधीपासून हवी. पहिल्याच भागात ती मुलगी सायकल काढता काढता ‘चल, जातो मी’ म्हणून निघून जावी आणि त्या क्षणी कॅमेरा भांडणाऱ्या दोघांवर असावा. तिसऱ्या भागात भाजीवाली मावशी तसंच बोलावी, म्हणजे ही त्या मुलीची एकटीची लकब नव्हे हे नोंदलं जाईल. चिठ्ठी येते पाचव्यात.

हा दुवा मरतो कसा, तेही सांगायला हवं. मुंबईत संहिता तपासणारा प्रामाणिकपणे ‘जातो’ खोडून ‘जाते’ करतो. तिथून वाचलं तर डबिंगच्या खोलीत मुलगी माइकसमोर आपसूक शाळेतलं मराठी बोलायला लागते. त्यातूनही वाचलं तर ‘मागील भागात’ जोडणारा नेमका तोच तुकडा उचलतो आणि खाली ढॅण वाजवतो. झालं, गुपित फुटलं. म्हणून त्या तिन्ही ओळींसमोर समासात ‘मुद्दाम’ असं लिहायचं आणि भाग व दृश्याच्या क्रमांकासह त्यांची वेगळी यादी सहायक दिग्दर्शक, संकलक आणि डबिंगवाला या तिघांच्या हाती द्यायची. बाकी दर तिसऱ्या वाक्याला ‘नाद खुळा’ टाकून कोल्हापूर येत नाही. ते बाहेरच्यांसाठी मारलेला शिक्का आहे.

दुसरा दुवा पाण्याचा. संशयित सांगतो, त्या रात्री पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावरून घरी गेलो. जुलैतली रात्र असेल तर प्रश्न एकच: बंधारा पाण्याखाली होता का? पावसाळ्यात पंचगंगेची पातळी रोज छापून येते; ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. बंधारा तर त्याच्या कितीतरी आधी बुडतो आणि रस्ता बंद होतो. मुलांनी करवीर नगर वाचन मंदिरात बसून जुने अंक काढावेत आणि तारीख जुळवावी. १८५० सालची ही संस्था. तिथली शांतता आणि अंकांचे गठ्ठे हे दृश्य वेगळा सेट न लावता मिळतं. फक्त त्याआधी दोनदा एखादे आजोबा चहा पिताना पातळी मोठ्यानं वाचताना दिसले पाहिजेत आणि घरच्यांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं पाहिजे. चित्रीकरणात मात्र पूर आणि मुलं एका चौकटीत आणायचीच नाहीत. बुडालेला बंधारा जुलैत मुलांशिवाय टिपून ठेवायचा. मुलांची दृश्यं कोरड्या दिवसांत, ढगाळ सकाळ बघून, घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर घ्यायची आणि दगड टँकरनं भिजवायचे. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे धावायचं दृश्य लिहूच नये.

पोलिसांची दृश्यं तर जवळजवळ प्रत्येक मालिका चुकवते. बारा वर्षांच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलावून बाकावर बसवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे पंधरा वर्षांखालच्या साक्षीदाराला ठाण्यात बोलावता येत नाही; जुन्या संहितेतही हीच तरतूद होती. पोलिसानं मुलाच्या घरी जायचं. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, तो किंवा ती दाखवावी. यात नाट्य कमी होतं असं वाटणाऱ्यांनी डोळ्यासमोर आणून बघावं: घरचा सोपा म्हणजे ओसरी, समोर चहाचा कप गार होतोय, आतल्या दाराआड आजीची सावली, आणि मित्राचं नाव सांगायचं की नाही या पेचात अडकलेला मुलगा. ठाण्यातल्या बाकावर हे मिळत नाही.

आता वेळापत्रक. निर्माते इथेच हात टेकतात. चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पालकांची संमती लागते. पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते, आणि मिळकतीतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा करावे लागतात. (टोळी पाचाचीच का असावी, याचं एक उत्तर इथेही आहे, सहावा मित्र आला की दुसरा माणूस नेमा.)

दैनंदिन मालिका बारा तासांच्या पाळीत, दोन-तीन कॅमेरे लावून, २२ मिनिटांचा भाग एका दिवसात उरकते. मुलांच्या पाच तासांत, त्यातही निम्मं बाहेरचं चित्रीकरण असेल तर, सात-आठ मिनिटं निघाली तरी पुष्कळ. म्हणजे एका भागाला तीन दिवस. उन्हाळ्याची सुट्टी साधारण सहा आठवडे, दिवाळीची दोन. आठवड्याचा एक दिवस मोकळा ठेवला की ३६ आणि १२ मिळून ४८ दिवस हाती राहतात. त्यात १६ भाग बसतात. वाहिनी २६ मागेल, १०० मागेल. शाळा न बुडवता १६ च होतात. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नको, हा नियम आठवड्याच्या सुट्टीमुळे आपोआप पाळला जातो. पण एक खोच लक्षात ठेवावी. निर्मात्यानं द्यायचं हमीपत्र सहा महिनेच चालतं. मेच्या सुरुवातीला दिलेलं हमीपत्र दिवाळी नोव्हेंबरात आली तर संपलेलं असतं. दुसरं आधीच तयार ठेवावं, नाहीतर फराळाच्या दिवसांत अख्खं युनिट बसून राहतं.

मे ते दिवाळी या काळात मुलं वाढतात, हा दुसरा ताप. तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज पहिल्या टप्प्यात कोवळा आणि दुसऱ्या टप्प्यात फुटलेला. त्यामुळे ‘ठिकाण मिळालंय तर शेवटच्या भागाचं दृश्यही आत्ताच उरकू’ हा मोह टाळावा; मुलांची दृश्यं शक्यतो कथेच्या क्रमानंच घ्यावीत. डबिंग त्याच आठवड्यात संपवावं. गणवेशाची पँट शिवताना खाली दोन इंच दुमड ठेवावी, दिवाळीत ती सोडता येते. वाढत्या वयाचीच गोष्ट आहे म्हटल्यावर उंची लपवण्यापेक्षा बाराव्या-तेराव्या भागाच्या मध्ये कथेतही चार महिने जाऊ द्यावेत, हे उत्तम.

आवाजाचं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. रहस्यात मुलं कुजबुजतात. नव्या, खळ घातलेल्या गणवेशाखाली छातीला माइक लावला की प्रत्येक श्वासाला खसखस येते. गणवेश खळ न घालता दोन-तीनदा धुवून घ्यावेत आणि माइक टायच्या गाठीत किंवा वेणीच्या मुळाशी बसवावा.

१९१७ ला बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२९ ला प्रभात इथेच सुरू झाली, हे प्रत्येक समारंभात ऐकवलं जातं. मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेट लागतात, कलाकार-तंत्रज्ञ गावात आहेत. अडतं ते लेखनाच्या वेळेवर. दैनंदिन मालिकेच्या सवयीनं आज लिहून उद्या चित्रित करायचं म्हटलं तर पहिल्या भागातलं ‘जातो’ पाचव्या भागातल्या ‘येतो’ला भेटणार कसं? मेमध्ये कॅमेरा सुरू व्हायचा असेल आणि परवानगीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला द्यायचा असेल, तर सोळाही भाग मार्चअखेर लिहून, तपासून, ‘मुद्दाम’च्या खुणांसकट बांधून तयार हवेत.

आपले,
पटकथा, संकलन आणि ध्वनी विभागांत काम करणारे तिघे,
राजारामपुरी, कोल्हापूर