गार्डच्या बंदुकीचं कोण बघणार?

संपादक साहेब, नमस्कार.

बँकांच्या सिक्युरिटीवर अधूनमधून छापून येतं पण दारातल्या गार्डच्या बंदुकीकडे कुणी बघितलंय का? मी फौजेतून रिटायर झालेला, नजर आधी हत्यारावरच जाते, आणि घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत जे दिसतं ते काही बरं नाही. तीच डबल बॅरल 12 बोअर, म्हणजे दोन नळ्यांची छर्‍यांची बंदूक, नळीवर तांबूस डाग, दस्त्याला चिकटपट्टी, पट्ट्यातली काडतुसं कधीची कुणास ठाऊक.

बंदूक बहुतेक गार्डचीच असते, लायसन्सपण त्याच्याच नावावर, म्हणून गार्ड पुरवणारी एजन्सी म्हणते तुझं तू बघ आणि बँक म्हणते एजन्सीला विचारा. बारा तास ड्युटी करून भाड्याच्या खोलीत जाणाऱ्याने रॉड, ब्रश, तेल आणायचं कुठून? मग खोबरेल चोळतात, ते चिकट होतं, धूळ धरतं आणि काडतुसावर आपटून बार उडवणारी आतली पिन अडकायला लागते.

फायरच केली नाही तर साफ कशाला, असं गार्ड स्वतःच सांगतात. अहो पण आपल्याकडे खाडीची हवा, वर चार महिने पाऊस, गंज काय बार काढायची वाट बघत बसतो का! बंदूक उघडून आधी दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ते डोळ्यांनी बघायचं, मग कोरडी चिंधी फिरवायची, नंतर हत्याराच्या तेलाचा अगदी पातळ हात, आणि चामड्याच्या कव्हरात कोंडून ठेवायची नाही कारण चामडं ओल धरतं. पावसाळ्यात हे आठवड्याला तरी हवं. चिंधीचा तुकडा आत राहिला आणि तशीच चालवली तर नळी फुटू शकते, गार्ड तर जाईलच, पासबुक भरायला आलेली आजीबाईपण सापडायची.

काही जण जास्तच डोकं चालवतात, नळी लांब वाटते म्हणून कापून घेऊ म्हणतात. 1959 च्या आर्म्स अॅक्टप्रमाणे त्याला वेगळं लायसन्स लागतं, आणि रिपेअरिंगसुद्धा लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच, नाक्यावरच्या वेल्डरकडे नाही.

बँकेत आग विझवायच्या सिलिंडरवर तपासणीची तारीख लिहिलेली असते. तशी बंदुकीचीपण वर्षातून एकदा गनस्मिथकडून तपासणी करा, बिल बँकेने भरावं, एजन्सीच्या करारातच घाला. ब्रँचला एक क्लीनिंग किट द्या, ड्युटीतला अर्धा तास द्या, आणि साफसफाई काउंटरमागे नको, वेगळ्या खोलीत, काडतुसं बाहेर ठेवून.

एक माजी सैनिक, कळवा (ठाणे)