ताई, तुमच्या वहीबद्दल

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

पुठ्ठ्यावर हळदीचा डाग पडलेली तुमची ती दोनशे पानी वही, तिच्यासाठी हे पत्र. अंगणवाडीत भरायची रजिस्टरं आधीच ढीगभर, वर मोबाईलमधलं अ‍ॅप वेगळं. त्यात मुलांबद्दलच्या तुमच्या नोंदींची ही वही कुणी मागितली नव्हती.

जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना तपासून थेरपी देतात आणि सगळे ज्याला डीईआयसी म्हणतात तिथं, लेकरू येतं तेव्हा सोबत बहुतेक एकच शब्द येतो. ‘मंद’, ‘कमजोर’, नाहीतर ‘बोलत नाही’. थेरपी देणाऱ्याला या शब्दांचा काही उपयोग नसतो. मग पहिल्या दोन-तीन खेपा मूल नुसतं बघण्यात जातात, आणि यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाच्या गावाहून एक खेप म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. तुमच्या अंगणवाडीतून येणाऱ्या मुलासोबत मात्र वहीचं पान येतं. त्यातली एक नोंद अशी: ‘9 महिने. डावी मूठ मिटलेली. भाकरीचा तुकडा डावीकडे ठेवला तरी उजवा हात आडवा नेऊन घेतो. आई म्हणते, उजवा आहे.’

घरच्यांना त्याचं कौतुक होतं, तुम्हाला ते खटकलं. वर्षाच्या आत कुठलंच मूल उजवं किंवा डावखुरं नसतं. दोन्ही हात सारखे चालतात. एकच हात पुढे येत असेल तर दुसरी बाजू तपासायची, ती लुळी किंवा ताठर असू शकते. ही नोंद हाती असल्यामुळे पहिल्याच दिवशी डाव्या हाताचं काम सुरू झालं. मोठी लोखंडी वाटी दोन्ही हातांनी धरायला लावायची, आंघोळीत डावा तळवा करंगळीच्या बाजूनं पुसत उघडायचा, अंगठा ओढायचा नाही. तुम्ही आईला एवढंच सांगितलंत, हे विशेष. पंधरा व्यायामांचा कागद घरी नेला की त्यातला एकही होत नाही. आंघोळ आणि जेवण मात्र रोज होतंच.

कान तपासण्याची तुमची रीत तर आम्ही इतर गावांतही सांगतो. थाळी वाजवली आणि मूल वळलं म्हणजे ऐकू येतं, असं सगळे धरून चालतात. पण थाळीचा हादरा जमिनीतून कळतो, हात हलला की सावली दिसते, जवळ गेलं की अंगाला वारा लागतो. तुम्ही मूल आईच्या मांडीवर बसवता, मदतनीसताई समोर बाहुली धरून त्याला रमवतात, आणि तुम्ही मागून हातभर अंतरावरून हळूच ‘स्स्स’ करता. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून, मध्ये थांबून. काही मुलांना ट्रॅक्टरचा, ढोलाचा आवाज येतो आणि ‘स’, ‘श’ येत नाही. अशी मुलं हाकेला कधी वळतात, कधी नाही, आणि घरचे म्हणतात, ‘ऐकते बरोबर, ऐकून सोडते.’ वळलं नाही तर तुम्ही आठ दिवसांनी पुन्हा बघता, कान वाहतो का तेही लिहिता (वाहत्या कानात गरम तेल घालणं तुम्ही किती घरांत बंद केलंत, ते तुम्हालाच माहीत), आणि मग बेरा तपासणीसाठी पाठवता, म्हणजे कानातला आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे यंत्रावर बघायला. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाचं निदान तीन महिन्यांत आणि कानाच्या मशीनची व थेरपीची सुरुवात सहा महिन्यांत व्हावी, असा या कामातला दंडक आहे. गावाकडे तो क्वचितच पाळला जातो. ‘याचा बापबी उशिराच बोलला होता, बोलीन हाबी’ या एका वाक्यात दोन वर्षं निघून जातात. वाट बघायचीच असेल तर कान तपासून बघावी.

आणि पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची मुलं. कोलामी घरातलं तीन वर्षांचं लेकरू अंगणवाडीत गप्प बसलं तर ते मराठीत गप्प आहे, इतकाच त्याचा अर्थ. तुम्ही आजीला बोलावून त्यांच्या बोलीत पाणी, भात, बकरी, ‘इकडे ये’ विचारायला लावलंत आणि मगच लिहिलंत. एका पानावर तुमचा निष्कर्ष आहे: ‘घरी बोलते, दोन-तीन शब्द जोडते, पाठवू नये.’ दुसऱ्यावर: ‘घरीही नाही. बोट दाखवत नाही. नावानं हाक मारली तर बघत नाही. आधी मामा म्हणायचा, आता नाही.’ त्या शेवटच्या पाच शब्दांखाली तुम्ही दोन रेघा ओढल्या होत्या, ते अगदी बरोबर. आलेलं बोलणं गेलं तर आठ दिवससुद्धा थांबायचं नसतं.

मुलांची आरोग्य तपासणी करणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक 2013 पासून येतंय, अंगणवाडीला वर्षातून दोन फेऱ्या. कागदावर सगळं ठीक. पण दिवाळीनंतरची फेरी कापसाच्या वेचणीत सापडली की निम्मी मुलं आईसोबत वावरात. उरलेल्यांतलं एखादं झोपलेलं, एखादं अनोळखी डॉक्टर बघून आईच्या पदरात. दोन मिनिटांच्या तपासणीत ‘नॉर्मल’ लिहिलं जातं आणि पुढचे सहा महिने गेले. तुम्ही फेरीच्या आदल्या संध्याकाळी पाच-सहाच घरी जाता, जिथं जायला हवं तिथंच. शिवाय आईच्या फोनवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवता: बाजूनं, पायांच्या बोटांपर्यंत सगळं अंग दिसेल असा, मूल खाली बसलेलं असताना उठतं कसं ते. समोरून काढलेल्या व्हिडिओत टाच टेकते की नाही, हे कळत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात दिव्यांग मुलांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल आला. ओळखा, सामावून घ्या, पुढे पाठवा. त्यातलं ‘पुढे पाठवा’ बहुतेक ठिकाणी चिठ्ठी देऊन संपतं आणि चिठ्ठी घरच्या पेटीत जाते. तुमच्या वहीत चिठ्ठीपुढे तीन तारखा असतात: दिली, गेले, परत आले. मधला रकाना रिकामा दिसला की तुम्ही आशाताईंना सोबत धाडता.

सगळ्यात जास्त आभार त्या कोपऱ्यासाठी. मान-कंबर न धरणाऱ्या मुलाला खुर्ची येईपर्यंत तुम्ही दोन भिंतींच्या कोपऱ्यात बसवलंत. दोन्ही बाजूंना सतरंजीच्या वळकट्या, मांड्यांमध्ये गोधडीची घडी, म्हणजे पाय कात्रीसारखे एकमेकांवर जात नाहीत. बसायला लाकडी पेटी, तिची उंची गुडघ्यामागच्या खळगीपासून टाचेपर्यंत मोजून. थोडी उंच भरली तर पायाखाली वीट. जुन्या लुगड्याचा पट्टा मांड्यांच्या सांध्यावरून बांधलात, पोटावरून नाही. पोटावर बांधला की मूल खाली घसरतं आणि पट्टा छातीवर चढतो. असं बसवल्यावर त्याचे हात मोकळे झाले आणि तो इतर मुलांसोबत चिखलाचे लाडू वळू लागला.

जेवणही तिथंच. आडवं निजवून तोंडात पातळ पेज ओतली की ती श्वासनळीत जाते, मग दर महिन्याला छाती भरते आणि घरचे म्हणतात, थंडी बाधली. तुम्ही समोर, त्याच्या तोंडापेक्षा खाली बसता. चपटा चमचा, अर्धाच भरलेला, जिभेच्या मधोमध किंचित दाबून. हनुवटी थोडी खाली. वरण-भात चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं.

घरच्यांना तुम्ही ठणकावून सांगता की थेरपीला प्रमाणपत्र लागत नाही. किती घरं आधी यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, मागे लागतात आणि तोवर मुलाचे सांधे आखडतात. कार्ड लागतंच: एसटीच्या सवलतीला, पेन्शनला, दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 2016 च्या कायद्यानं 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाला. पण ते सवडीनं. बौद्धिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच वर्षांनंतरच मिळतं, त्याआधी ‘विकासात मागे’ एवढंच लिहून देतात, हे माहीत नसलं की माणूस चार खेपा मारून चिडतो.

जूनमध्ये तुमची दोन मुलं पहिलीत जातील. त्यांच्या पानांच्या झेरॉक्स गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना द्या, एक आईजवळ ठेवा. मुख्याध्यापक बदलले की कागद हरवतात.

पथकासोबत दोन नव्या वह्या पाठवतो आहोत. आणि एक काम: डाव्या हाताच्या त्या लेकराच्या बुटाचं माप हवंय. कागद जमिनीवर ठेवा, त्याला धरून उभं करा, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ काढा. बसवून काढू नका, उभं राहिल्यावर भार पडून पाऊल पसरतं, म्हणून बसवून घेतलेलं माप कमी भरतं.

तुमचे,
थेरपी आणि विशेष शिक्षणाचं काम करणारे आम्ही सगळे