ब्रॉयलर स्टार्टर खाद्यात दुपटीहून जास्त मीठ आल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता नियंत्रण विभाग, कोंबडीखाद्य कारखाना

विषय: जानेवारीत घेतलेल्या ५० गोण्या स्टार्टर खाद्यातील जादा मिठामुळे झालेले नुकसान व भरपाई.

महोदय,

मूर्तिजापूर तालुक्यात माझे प्रत्येकी अडीच हजार पक्ष्यांचे दोन शेड आहेत. कोणत्याही कंपनीशी करार नाही. पिल्ले, खाद्य, औषध सगळे रोखीने आणतो आणि चार वर्षे खाद्य तुमचेच घेतो आहे. लहानसहान कुरबुरी आजवर डीलरच्या दुकानातच मिटल्या. ही तिथे मिटली नाही, म्हणून हे पत्र.

या बॅचची ब्रॉयलर (मांसासाठी वाढवायची) पिल्ले अकराव्या दिवशी स्टार्टरवर, म्हणजे लहान पिल्लांच्या खाद्यावर घेतली. दोन नंबरच्या शेडला डिसेंबरच्या लॉटचा माल होता, एक नंबरला नव्या लॉटच्या गोण्या फोडल्या. फोडतानाच सुकट-बोंबलाच्या पथारीवर यावा तसा वास आला. मासळी घातली असेल, प्रथिने वाढतील, चांगलेच आहे, असे म्हणून मी फीडर भरले. तिथेच थांबायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पत्नीने विचारले, "पाइप फुटलाय का कुठे? एक नंबरची टाकी कोरडी पडली." पाइप शाबूत होता. आत गेलो तर पिल्ले फीडर सोडून पाण्याच्या निपल-तोट्यांखाली गर्दी करून उभी, पाण्यासाठी एकमेकांच्या पाठीवर चढत होती. दुसऱ्या दिवशी मोजूनच पाहिले. दोन नंबरने १९५ किलो खाद्य खाल्ले आणि ३६० लिटर पाणी प्यायले. एक नंबरने १८० किलो खाल्ले आणि ५६० लिटर प्यायले. थंडीच्या दिवसांत पक्षी खाद्याच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो, तिप्पट पीत नाही. पक्ष्यांखाली अंथरलेले तूस मुठीत दाबले की लाडू वळत होता. चप्पल उचलली की खाली चिकटून यायचे. सकाळी पडदा वर केला की अमोनियाने डोळे चुरचुरायचे. चुना मारला, तूस उलटेपालटे केले, नवे टाकले. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच.

सहाव्या दिवशी तुमचे खाद्य बंद केले. तोवर मरतूक लागली होती. पशुवैद्यकांनी सात पक्षी फाडून पाहिले, पाचांच्या पोटात पिवळसर पाणी साठलेले होते. बॅच संपेपर्यंत एक नंबरमध्ये १४३ पक्षी मेले, दोन नंबरमध्ये ३१.

तुमचे प्रतिनिधी आले ते शेडच्या दारातूनच म्हणाले, "तुमच्याकडचं पाणीच खारं, त्याला आम्ही काय करणार?" साहेब, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात माझा जन्म गेला. बोअरचे पाणी काय करते, हे मला कोणी सांगायला नको. म्हणूनच मी पक्ष्यांना बोअरचे पाणी पाजत नाही. शेततळ्याचे पाणी तुरटी फिरवून, क्लोरीन टाकून दोन्ही टाक्यांत चढवतो. पाणी तेच, पिल्ले एकाच हॅचरीची, पडदे एकाच वेळी उघडणारे. फरक फक्त गोणीवरच्या लॉट नंबरात होता. यावर त्यांचे उत्तर, "मग थोडे दिवस मीठवालं खाद्य बंद करून नुसता मका द्या." हा सल्ला ऐकून डीलरही खाली बघू लागला.

पाच गोण्यांतून काढलेला एकत्र नमुना डीलरसमोर सीलबंद केला (प्रतिनिधींनी सही नाकारली, डीलरने केली) आणि डिसेंबरच्या लॉटच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत दिला. नव्या लॉटमध्ये मीठ १.१२ टक्के, सोडियम ०.४३ टक्के निघाले. जुन्या लॉटमध्ये मीठ ०.५२, सोडियम ०.१९.

मीठ नको, असे माझे म्हणणे नाही. मका आणि सोयापेंडीत पोटॅशियम भरपूर असते, सोडियम नावापुरते. मीठ घातलेच नाही तर पिल्लाची भूक मरते, वाढ खुंटते आणि ती एकमेकांची पिसे टोचू लागतात. पण गरज किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या तक्त्यात ब्रॉयलरला पहिले तीन आठवडे सोडियम ०.२० टक्के, सहाव्या आठवड्यापर्यंत ०.१५ आणि पुढे ०.१२ टक्के धरले आहे. क्लोराइडचेही आकडे तेच. मिठात सोडियम साधारण ३९ टक्के असते. म्हणजे टनाला पाच किलो मीठ घातले की ०.२० टक्क्यांच्या आसपास सोडियम येते. पिल्लू लहान असताना गरज सर्वांत जास्त असते, आणि तुमच्या खाद्यात त्या जास्तीत जास्त गरजेच्याही दुपटीहून अधिक सोडियम होते. एवढे सोडियम बाहेर टाकायला पिल्लाला पाणी प्यावेच लागते. ते पाणी विष्ठेतून खालच्या तुसात उतरते, उरलेले पोटात साठते.

तुमचे तज्ज्ञ म्हणतील, प्रयोगशाळा क्लोराइड मोजून त्यावरून मिठाचा आकडा काढते आणि खाद्यात पूरक म्हणून घातलेल्या लायसिन हायड्रोक्लोराइड, कोलीन क्लोराइडमधूनही क्लोराइड येते. खरे आहे. पण लायसिनचे प्रमाण टनाला दोन-तीन किलोच असते, त्यातून क्लोराइड ०.०५ टक्क्यांच्या आसपास वाढेल. शिवाय सोडियम वेगळे मोजले आहे, आणि लायसिनमध्ये सोडियम नसते.

माझा संशय त्या मासळीच्या वासावर आहे. खारवून वाळवलेली मासळी मिसळताना तिच्यातले मीठ धरून वरचे मीठ कमी करायला हवे. ते बहुधा केले गेले नाही. गोणीवर प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा छापता. मिठाचा एक आकडा छापत नाही. छापला असता तर मी गोणी फोडण्याआधीच तुम्हाला फोन केला असता.

४२ व्या दिवशी दोन नंबरमधून २,४६९ पक्षी सरासरी २.२५ किलोने उचलले गेले, एक नंबरमधून २,३५७ पक्षी २.०८ किलोने. जिवंत वजनात साडेसहाशे किलोंची तूट आली. ओल्या तुसाने तळपाय काळे पडलेले पाहून व्यापाऱ्याने भाव पाडला तो वेगळाच.

साडेसहाशे किलोंची त्या दिवशीच्या लिफ्टिंग दराने (पक्षी उचलतानाच्या भावाने) भरपाई आणि ५० गोण्यांचे पैसे मला परत हवेत. त्या लॉटची मिश्रणाची नोंद, मासळी आणि मीठ किती घातले यासह, लेखी द्यावी. हा लॉट आणखी कुठे गेला असेल तर त्या शेतकऱ्यांना आधी कळवा. त्यांची पिल्ले अजून लहान असतील. गोणीवर मीठ आणि सोडियम छापायला सुरुवात करावी.

शेड मी आणि पत्नी स्वतः सांभाळतो, पोट त्यावरच चालते. त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी ग्राहक ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

२८ गोण्या ताडपत्रीखाली ठेवल्या आहेत, त्यांतल्या दोन डीलरच्या सहीने सील केलेल्या. नमुना घ्यायला माणूस पाठवा, फक्त या वेळी शेडच्या आत येणारा पाठवा.

आपला ग्राहक,
ब्रॉयलर उत्पादक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

सोबत: खरेदीची बिले, दोन्ही तपासणी अहवाल, शवविच्छेदनाचा दाखला, पाण्याच्या व मरतुकीच्या नोंदवहीची झेरॉक्स.