डाव्या तळव्याबद्दल

नागपूर
रविवार, दुपार

चि. सौरभ,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ऐकून घेत नाहीस अन् मेसेज केला की अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला. स्टेशनवर तुझ्या मित्रांसमोर मी पायाच्या तळव्यावरच्या डागावरून तसं बोलायला नको होतं. पण "आई, काहून मागं लागून राहिली, साधा तीळ आहे तो" असं तू म्हणालास तेव्हा गाडी सुटायला चार मिनिटं होती, अन् ती गोष्ट चार मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती.

संत्री पाठवली आहेत. अंबिया बहार यंदा बरा आहे. काटोलहून भाऊजी स्वतः पेटी घेऊन आले, बाबांशी दोन शब्द बोललेसुद्धा. त्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच. ते मी फोनवर सांगीन.

नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावताना तुझा डावा पाय माझ्या मांडीवर होता. तू झोपेतच होतास. टाचेच्या जरा पुढे तो डाग. मागच्या दिवाळीला तिथं तिळाएवढा ठिपका होता, तेव्हाही मीच उटणं लावलं होतं. आता चिंचोक्याच्या निम्मा झाला आहे अन् एका बाजूची कड टीपकागदावर शाई फुटावी तशी पसरली आहे. जन्मापासूनचा आहे म्हणतोस. तुझ्या अंगावर जन्मापासूनचे दोन तीळ आहेत, एक कानामागे अन् एक पाठीवर. तळव्यावर काही नव्हतं.

आजी पाय धरून बसायची तेवढंच तुला आठवत असेल. सुरुवात मला माहीत आहे. बागेत अनवाणी फिरून तिच्या टाचांना भेगा पडायच्या, अन् बिब्बा दिव्यावर तापवून त्याचं तेल भेगेत सोडायचं काम माझं होतं. बिब्ब्यानं कातडी काळी पडतेच. म्हणून टाचेवर काळं दिसलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. मी त्याच्यावर आणखी बिब्बा लावला, सौरभ. दोन हिवाळे लावला. मग ते चिघळलं तेव्हा म्हटलं, बिब्बा उतला. जवळच्या डॉक्टरांनी कुरूप म्हणून कॉर्न कॅप दिल्या, त्यात आणखी काही महिने गेले. शेवटी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तेव्हा जांघेत गाठ लागत होती. मेलानोमा निघाला, म्हणजे कातडीचा कॅन्सर. टाचेची कातडी काढली, मांडीची लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. त्यानंतर तो पाय सुजलेलाच राहिला, चप्पल कधी चढली नाही. पुढचं तुला ठाऊक आहे.

बाबा म्हणतात, पोराला घाबरवू नकोस. घाबरवत नाही. हे उलट बरं वाटावं म्हणून लिहिते: शुभाची सून त्वचेची डॉक्टर आहे, तिला मी सगळं विचारलं. ती म्हणाली, तळव्यावरचे बहुतेक डाग निरुपद्रवीच असतात. त्यांच्याकडे दिव्याचं एक भिंग असतं. तळव्यावर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात ना, त्यात बघायचं. रंग सरीत, म्हणजे खोलगट भागात, उतरलेला दिसला तर बहुधा साधा तीळ, वरंब्यावर, म्हणजे उंचवट्यावर, चढलेला दिसला तर तुकडा काढून तपासायचा. शेतकऱ्याच्या घरात हे समजायला किती सोपं! बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन मी तुझ्या फोटोवर अर्धा तास घालवला. सरी दिसली नाही, वरंबाही नाही, फक्त फोटो धूसर दिसला.

मला वाटायचं हा रोग गोऱ्या लोकांना होतो, उन्हानं. त्यांच्यात जास्त होतो हे खरंच. पण आपल्यासारख्या सावळ्या माणसांत मेलानोमा झालाच तर पुष्कळदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, अन् तिथल्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. म्हणून लक्षच जात नाही. तुझ्या खोलीत तो जटावाला गायक बॉब मार्ली अजून भिंतीवर आहे. त्याच्या पायाच्या अंगठ्याला हेच झालं होतं, आधी वाटलं फुटबॉल खेळताना लागलं. १९८१ साली गेला, अवघा ३६ वर्षांचा. मी त्याला उगीच गांजेकस म्हणायचे.

वेळेत सापडलं तर तेवढीच जागा बधिर करून डाग अन् भोवतीची थोडी चांगली कातडी काढतात, त्याच दिवशी घरी. किती खोल गेलं आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात अन् बरंच काही त्या मिलिमीटरवर असतं. एक मात्र कर, कुणाकडून जाळून किंवा लेझरनं घालवून घेऊ नकोस. जाळलं की तपासायला काही उरत नाही.

अन् उन्हात सायकल चालवताना फुल बाह्यांचा शर्ट, कानावर दुपट्टा. इथं मे अखेरच्या नवतपात आम्ही बायका डोळ्यांशिवाय काही उघडं ठेवत नाही, अन् तू पुण्याचं ऊन ते काय ऊन म्हणून बनियनवर फिरतोस. क्रीम लावलंस तर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. बाबांच्या पोटरीवरच्या भाजल्याच्या जुन्या डागावरही मी आता नजर ठेवते, तसल्या डागावर जखम होऊन भरेना झाली तर दाखवायचं असतं. माझी परकराची नाडीसुद्धा सैल केली. हसू नकोस. २०२४ साली वर्ध्याच्या अन् बिहारच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांची हकीगत छापली होती, कमरेवर वर्षानुवर्षं नेसण्याची गाठ काचून जखम झाली अन् तिथंच कॅन्सर निघाला. एक तर लुगडं नेसणारी. आपल्या आजीसारखी.

बघ, भाषण झालं. माफ कर. तू पंचवीस वर्षांचा आहेस, स्वतःच्या पैशानं घरभाडं भरतोस, टीममध्ये सगळ्यात लहान असून तुला पुढं करतात, हे मी शेजारी सांगत फिरते. तुला माहीत नाही किती सांगते. अन् तरी सकाळी उठले की आधी तो तळवा डोळ्यांसमोर येतो.

शुक्रवारचं माझं पुण्याचं तिकीट काढून ठेवलं आहे. त्याआधी तू दाखवून आलास तर रद्द करते, थोडेच पैसे कापतात.

तुझी
आई

ता. क. फोटो दिवसाच्या उजेडात काढ, बाजूला रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे आकार कळेल. अन् पाय धुऊन काढ रे बापा.