पेनांगला टूरची बस कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सिंगापूरच्या क्रूझवर लेख आला होता, छान होता, पण बंदराला उतरल्यावर जहाजावरचीच टूर घ्या असं जे लिहिलंय ते काही पटलं नाही, निदान वाटेतल्या पेनांगला (मलेशियातलं बेट) तरी अजिबात नाही. तिथे जहाज स्वेटनहॅम पिअरला लागतं म्हणजे थेट जॉर्ज टाऊन गावातच लागतं हो! बाहेर पडलं की जवळच व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, 1897 मध्ये तिच्या राज्याला 60 वर्षं झाली म्हणून तिथल्या एका चिनी शेठने बांधून दिलेला, म्हणून उंचीपण 60 फूट, आणि महायुद्धातल्या बॉम्बमुळे किंचित कललाय. शेजारी कॉर्नवॉलिसचा किल्ला (रायगड चढलेल्या माणसाला तो किल्ला वाटणार नाही, पण असो).

पुढे रमतगमत लिटल इंडियात जा, तिथे 1833 चं मारिअम्मनचं देऊळ आहे, हारवाले, साड्यांची दुकानं, स्पीकरवर तमिळ गाणी. तेह तारिक घ्याच. चहावाला दोन मग हातात धरून हातभर उंचावरून चहा ओततो, एवढा फेस येतो, आणि गोड इतका की आमच्या सासूबाईसुद्धा खूश. मग च्यू जेटी. समुद्रात खांबांवर उभी लाकडी घरं, मधून फळ्यांची वाट, खाली पाणी, आणि सगळी एकाच च्यू आडनावाची भावकी. लोकं राहतात तिथे, तेव्हा दारात घुसून सेल्फी नको प्लीज.

आमच्यातले टूरला गेलेले अर्धा वेळ बसमध्ये आणि उरलेला चॉकलेटच्या दुकानात बसून आले, वर पैसे भरून.

फक्त परतायची वेळ पाळा. टूरवाल्यांची बस लेट झाली तर जहाज थांबतं, आपल्यासाठी थांबत नाही. आणि टोपी-पाणी घ्या, दुपारी घामाने जीव जातो.

आता आपल्याकडे मुंबईत बॅलार्ड पिअरलाही मोठं क्रूझ टर्मिनल झालंय, तिथून हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या चालत पंधरा-वीस मिनिटांवर. टर्मिनलच्या दारात पायी फिरायचा एक नकाशा लावा आणि वाटेतल्या फुटपाथवरच्या बाइक तेवढ्या उचला, एवढं पालिकेच्या कानावर घालाल का?

– एक वाचक, डोंबिवली