राणीच्या सैल नालेबद्दल

नागपूर

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

राणीच्या पुढच्या डाव्या पायाची नाल खडखडतेय आणि तुमचा नालबंद आठ दिवस यायचा नाही, तोवर थांबू का, असं विचारलंस. थांबू नकोस, बाप्पा, नाल तूच काढून टाक. नाल एका बाजूने सरकली की घोडी स्वतःच तिच्यावर पाय देते आणि उपटलेला खिळा तळव्यात घुसतो. त्यापेक्षा अनवाणी पाय परवडला. त्यात आपली काळी माती! पावसात पाऊल उचललं की सैल नाल ओढूनच घेते, आणि सोबत खुराचा तुकडाही.

घोडीला नुसतं बांधू नकोस, तिच्या ओळखीच्या माणसाच्या हाती दे. तू शेपटीकडे तोंड करून उभा राहा आणि तिचा पाय गुडघ्यांमध्ये धर.

खिळ्यांची टोकं खुराच्या बाहेरच्या अंगाला वळवून दाबलेली असतात. सगळी मेख तिथेच आहे. ती कानशीने घासून टाक, किंवा बोथट छिन्नी खाली घालून हलक्या ठोक्यांनी सरळ कर. ती तशीच ठेवून नाल ओढलीस तर वळलेलं टोक खुराचं कवच फाडत येतं, मग नवी नाल ठोकायला धड जागा उरत नाही. एकही टोक सोडू नकोस, कंटाळा आला तरी.

मग मोठ्या पकडीचे जबडे टाचेकडून नालेखाली घाल आणि दांडे खुराच्या मध्याकडे दाब. थोडं या बाजूने, थोडं त्या बाजूने, असं पुढे सरक. बाहेरच्या अंगाला पिळायचं नाही. कवच तुटतं, सांध्यालाही हिसका बसतो. नाल जराशी उठली की हातोडीने परत बसव. खिळ्यांची डोकी वर राहतील, ती एकेक उपट. हे सगळ्यात सौम्य. शेवटी खिळे मोजून घे, गोठ्यात एकही राहता कामा नये.

खुराला लहान मुलांचं डायपर गुंडाळून वरून डक्ट टेप लाव, पण खुराच्या वर केस सुरू होतात त्या रेषेवर आवळू नकोस. कोरड्या, मऊ जागी ठेव. स्वारी बंद.

तळव्यात खिळा रुतलेला दिसला तर मात्र हात लावू नकोस. तो किती खोल आणि कुठल्या दिशेने गेलाय हे एक्स-रेत दिसतं, उपटला की खूण जाते. शिवाय घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो. लगेच डॉक्टरांना बोलाव आणि मला फोन कर. इथे सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी विचारून ठेवतो.

पोळ्याआधी बैलांना पत्र्या मारणारा गावात येईल, त्याच्याकडून नवी नाल ठोकून घ्यायचा मोह आवर. बैलाचा खूर दुभंगलेला, त्याला दोन वेगळ्या पट्ट्या. घोड्याचं गणितच निराळं. काढणं तुझ्यामाझ्यासारख्याला जमेल, ठोकणं नाही. कवच आणि तळवा जुळतात तिथे एक पांढरी रेषा असते; खिळा तिच्या आत गेला की थेट जिवंत भागात.

आणि यापुढे सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावत जा, नाल घट्ट असली तरी. खूर महिन्याला पाऊण-एक सेंटिमीटर वाढतोच. निघालेली नाल वहिनी दारावर ठोकायला मागतील, पण आधी ती नालबंदाला दाखव. झिजेवरून घोडी पाय कसा टाकते ते त्याला कळेल.

पक्कड नसेल तर कळव, इतवारीतून घेऊन एसटीने पाठवतो.

तुझाच,
मित्र